जिन्याखालच्या बिऱ्हाडाची कोळीण

"पाटीत माझ्या चांदणं, भर उन्हात इकते गो,
घेनार त्यानं घ्यावं, वास फुकट देते!"

ही हाक केसरनं पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती नवी नवरी होती. अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती. डोंगरातली खिंड ओलांडून सासू-सून पलीकडच्या शेतकरी गावांत सुकी मासळी विकायला गेल्या होत्या. एका सारवलेल्या अंगणाच्या कडेला सासूनं डोईवरची पाटी उतरवली, कमरेवर हात ठेवला, मान मागे टाकली आणि गळा मोकळा सोडला. आवाज कसला, भरतीची लाटच ती. अंगणातली कोंबडी पळाली, आडोशाची म्हातारी बाहेर आली, आणि केसर पदराचं टोक दातांत धरून बघतच राहिली. घरात तर ही बाई चुलीशी पुटपुटल्यासारखी बोलायची. हा गळा तिनं इतके दिवस ठेवला होता कुठं?

त्या सासूचं नाव वेणूबाई. सासरा हरेश्वर, होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरच्या गड्यांचा म्होरक्या. तो समुद्रावरचा धनी आणि ती खिंडीपलीकडची धनीण. तो पश्चिमेला जायचा, ती पूर्वेला जायची, नि दोघांची गाठ उंबऱ्यात पडायची. त्या उंबऱ्यात काय बोलणं व्हायचं तेही ठरलेलं. तांडेल विचारायचा, "कवा येशील?" आणि ती पाटी सावरत म्हणायची, "मना काय इचारता? दर्याला इचारा." बस्स, एवढंच. त्यात भांडण होतं की माया होती, ते केसरला कधी उकललं नाही.

मग एका दिवाळीच्या आधी वेणूबाई तापानं गेली. खिंड तशीच राहिली, पाटी तशीच राहिली. हाक तेवढी गेली.

पुढच्या साली मुरुडजवळच्या या कोळीवाड्यात रेडिओ आला.

पंचायतीनं आणलेला तो रेडिओ देवळाच्या ओट्यावर एका लाकडी कपाटात बसवला होता. कपाटाला कुलूप, आणि चावी शाळेच्या दत्तात्रेय गुरुजींच्या जानव्याला. अलिबागहून एसटीनं आलेली बॅटरी गुरुजींनी देवाच्या मूर्तीसारखी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवली. सगळा वाडा जमला होता. बटण फिरलं आणि आधी नुसती खरखर झाली, लाट मागे सरताना वाळू करते तशी. मग एक माणूस खोकला.

बातम्या, गाणी, भजन, ते सगळं पुढं आलं. पण केसरच्या काळजात घुसला तो खोकला. मुंबईत कुणीतरी खोकलं, आणि ते इथं, माडांच्या सावलीत, ओट्याच्या पायरीवर बसलेल्या बाईला ऐकू आलं! त्या माणसाला ठाऊकही नसेल. तिनं हात जोडले. बाकीच्या बायका हसल्या.

"अगो, भजन न्हाय लागलं अजून. हात कुनाला जोडतेस?"

"खोकल्याला," केसर म्हणाली.

त्या दिवसापासून ती रेडिओची झाली. बोंबील वलांडीला टांगायचे, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी-जोडीनं लटकवायचे, हे काम उरकून ती तिन्हीसांजेला ओट्यावर हजर. अक्षर वाचता येत नव्हतं, पण कानानं ती जे वाचायची ते गुरुजींनाही सुचायचं नाही. बातम्या सांगणाऱ्याबद्दल म्हणायची, "ह्या माणसाला घर न्हाय. घर असतं तर एवढं सांगताना एकदा तरी थांबला असता." भजनातल्या तबलजीबद्दल म्हणायची, "ह्याला घरी जायची घाई हाय."

आणि सगळ्यांत तिला आवडायचा तो कार्यक्रम कुणालाच आवडत नव्हता. त्याचं नाव 'गडगा'. दोन म्हातारे शेजारी दगडी कुंपणाच्या अल्याड-पल्याड उभे राहून बोलायचे, तेही जेमतेम. एक म्हणायचा, "आज भेंडी आली." मग विहिरीची कप्पी करकरायची. पुष्कळ वेळ करकरायची. मग दुसरा म्हणायचा, "तिला आवडायची." संपलं. हा कार्यक्रम लागला की पुरुष विडी ओढायला उठत आणि बायका पोरांना आडोशाला नेत. केसर मात्र पुढं सरकून बसायची.

"काय हाय गो त्यात?" नणंद नलू विचारायची. नलू सोळा-सतरा वर्षांची, तोंडानं फटकळ. "दोन म्हातारं नि एक कप्पी."

"ती कप्पीच तर बोलते, नलूबाय. म्हाताऱ्याच्या पोटातलं बाहेर येत न्हाय, तवर ती पानी वर काढत ऱ्हाते."

"तुझं डोकं फिरलंय, वैनी."

पण वाड्याचा जीव जडला होता बुधवारवर. बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी 'जिन्याखालचं बिऱ्हाड' लागायचं. मुंबईच्या एका चाळीत जिन्याखालच्या खोलीत राहणारं कुटुंब. अप्पा कचेरीत कारकून, त्यांची बायको ताई, आणि कुणाच्या तरी लग्नाला म्हणून आलेले आणि परत न गेलेले तात्या. डोक्यावरून सगळी चाळ धाडधाड वर-खाली करायची, आणि प्रत्येक पावलासरशी ताई सांगायची कोण चाललंय. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

फक्त बायकांच्या. कारण बुधवारी पुरुष समुद्रावर असत. नारळी पुनवेनंतर होड्या लोटल्या की तीन-चार दिवसांच्या खेपा सुरू व्हायच्या, आणि होड्या परत यायच्या त्या शुक्रवारच्या बाजाराआधी. मग शुक्रवारी सकाळी वलांडीच्या सावलीत पुरुष जाळी दुरुस्त करत बसायचे, बायका बोंबील टांगायच्या, आणि पुरुष विचारायचे, "काय झालं गो बिऱ्हाडात?"

सांगायला केसरइतकं कुणाला जमायचं नाही. पण सांगायचं कसं? समोर सासरा बसलेला. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड वर करून चार पुरुषांना गोष्ट सांगायची, ही रीत नव्हती. तेव्हा तिनं वाट काढली. पदर पुढं ओढायची, पुरुषांकडे पाठ करायची, आणि सांगायची नलूला. नलूनं ते सगळं बुधवारी तिच्या मांडीला मांडी लावून ऐकलेलंच असायचं. तरी ती 'मग? मग?' करायची. पुरुष आपले जाळ्यात डोकं घालून. हरेश्वर तांडेल तर त्यांच्याकडेही पाठ करून, समुद्राकडे तोंड करून बसायचा. अशी सगळी पाठमोरी माणसं, आणि मधे ती गोष्ट.

अशाच एका शुक्रवारी ते घडलं.

त्या बुधवारी रेडिओत ताई म्हणाली होती, "आज पापलेटं बरी मिळाली हो," आणि अप्पा म्हणाले होते, "मग आज कचेरीला उशीर झाला तरी चालेल." लगेच पुढचा विनोद. केसर मात्र तिथंच अडकली होती. पापलेटं मिळाली म्हणजे? कुणी दिली? पाटी कुणी उतरवली, भाव कुणी केला, कल्ले उघडून लाल आहेत का ते कुणी दाखवलं? तिनं कान टवकारून वाट बघितली होती, आता हाक येईल, मग हाक येईल. हाक आलीच नाही.

शुक्रवारी सांगता सांगता ती त्या जागेपाशी आली आणि तिचा पाय अडला. पाटी दारात उतरल्याशिवाय घरात पापलेट शिजेलच कसं? कोळ्याच्या पोरीला हे ओलांडून पुढं जाताच येईना. आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं:

"तवढ्यात जिन्याखाली पाटी आदळली. धप्प! नि हाक आयली, 'ताईऽऽ, भाईर ये गो, नवऱ्याला कचेरीला धाडायच्या आधी ह्याचं डोलं बघ!'"

नलूचं तोंड उघडलं. केसरनं तिच्याकडे बघितलं. नलूनं तोंड मिटलं, एक बोंबील उचलला, दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि म्हणाली, "मग?"

"मग अप्पा भाव पाडाया लागलं. तर ती म्हनते, 'अप्पा, असाच कचेरीत सायबापुढं बोलून दाखव. मी पापलेट फुकट देते.'"

मागं जाळ्यांतून हसू फुटलं. भिकू नावाचा तांडेलाच्या होडीवरचा आडदांड गडी तर मांडीवर थापा मारत उताणा झाला. "कोन ही? नाव काय हिचं?"

केसरनं वळून बघितलं नाही. "धाकलुबाय," ती नलूला म्हणाली.

असा तिचा जन्म झाला.

मग काय, दर शुक्रवारी धाकलुबाय यायची. रेडिओतलं बिऱ्हाड होतं तसंच राहायचं, फक्त दारात एक पाटी वाढायची. तात्यांना ती म्हणायची, "तुमी लग्नाला आयला व्हता ना? त्या नवरीला आता नातू झाला असंल." ताई रडत असली की भाव न करता पाटी उतरवून उंबऱ्यात बसायची आणि काही न बोलता जवळा निवडायची. तिथं केसरही थांबायची, 'गडग्या'तल्या कप्पीइतका वेळ. सगळे थांबायचे. वाऱ्यावर बोंबील एकमेकांवर आपटायचे तेवढाच आवाज. आणि अप्पांनी कधी 'उद्या येशील का?' विचारलं की पाटी डोईवर घेत ती म्हणायची, "मना काय इचारतोस? दर्याला इचार."

हे बोलताना केसरच्या अंगावर काटा यायचा. ती जुळवत नव्हती. तिच्या गळ्यातून कुणी दुसरंच बोलत होतं. कमरेवरचा हात तोच, मागे टाकलेली मान तीच. जी हाक गेली असं वाटत होतं ती परत आली होती, खिंडीतून नाही, तर मुंबईच्या कुठल्या न बघितलेल्या जिन्याखालून. सांगून झाल्यावर केसर स्वतःच दिपल्यासारखी उभी राहायची. एक गोष्ट मात्र तिनं जपली. चांदण्याची ती हाक तिनं कधी धाकलुबायच्या तोंडी घातली नाही. ती तिनं स्वतःशीच ठेवली.

बायकांना अर्थात सगळं ठाऊक होतं. रेडिओ त्यांनीही ऐकलेला. पण एकीनंही घरी तोंड उघडलं नाही. धाकलुबाय सगळ्यांनाच हवी होती. उलट पाणवठ्यावर म्हणायच्या, "केसर, ह्या येळेला त्या तात्याला जरा चांगला झाप गो."

पुरुष मात्र खरं धरून चालले. समुद्रावर जाळं ओढताना भिकू ओरडायचा, "सायबापुढं बोलून दाखव!" आणि बाकीचे जोर लावायचे. शेजारच्या वाड्यांच्या होड्यांवरही धाकलुबाय पोचली. केसरचा नवरा सदू जेवताना तिलाच तिची गोष्ट सांगायचा. "ती बाई मना मुंबैत भेटली पायजे एकदा," तो म्हणायचा. केसर त्याच्या पानात भाकरी वाढायची आणि खाली बघायची.

सासऱ्याचं काही कळायचं नाही. तो हसायचा नाही, मान हलवायचा नाही. समुद्राकडे तोंड करून जाळं विणत बसायचा. भिकू त्याची थट्टा करी, "तांडेल, आमची जाली कवाच झाली. तुमच्या जाल्यात माशांपक्षा भोकंच जास्त!" तांडेल हूं म्हणायचा आणि सुतळीची गाठ मारायचा. थंडीत एकदा तो मासळी घेऊन होडीबरोबर मुंबईला ससून डॉकला गेला. परतला तो शुक्रवारीच, आणि तोंडावर पाणीही न मारता जाळं घेऊन वलांडीखाली बसला. त्या दिवशी केसर सांगत असताना त्याची पाठ तिला जरा जास्तच ताठ वाटली. आपला आवाज चढला असेल, असं वाटून तिनं पदर आणखी पुढं ओढला.

शिमग्यानंतर बिऱ्हाड बदललं.

आधी ताईचा आवाज बदलला. जुनी ताई बोलायच्या आधी श्वास घ्यायची, तो ऐकू यायचा. नवी ताई श्वासच घेत नव्हती. मग गोष्ट लिहिणारा बदलला, असं गुरुजींनी सांगितलं. आणि मग रेडिओत माणसं हसायला लागली. पन्नासभर माणसं, एका दमात, कुठं तरी आत बसून.

"सुधारलंय हं आता," दत्तात्रेय गुरुजी खुशीत म्हणाले. "वेग आला. लोकांची पत्रं येतात म्हणे ढीगभर."

"गुरुजी," पायरीवरून पदराआडून केसर म्हणाली, "आमी हसायच्या आधी पेटीच हसते. मग आमचं काम काय ऱ्हायलं?"

गुरुजी चष्मा पुसू लागले.

"नि आधी अप्पा पडला का ताई धावायची. म्हनून हसू यायचं. आता अप्पा पडतो, नि ताई बी हसते. मग तो उठंल कुनासाठी?"

"केसर, तू मुंबईलाच जा त्यांना शिकवायला," गुरुजी हसले, पण बटण फिरवताना त्यांचा हात थोडा थांबला.

त्याच महिन्यात 'गडगा' बंद झाला. त्याला पत्रं येत नव्हती. केसरला हे कळलं तेव्हा तिच्या हातातली मांदेली तशीच राहिली. "पत्र न्हाय म्हनून बंद?" ती नलूला म्हणाली. "ज्यांना त्यो आवडायचा, त्यांना लिवता कुठं येतं?"

मग शुक्रवारी ती रेडिओतलं नवं बिऱ्हाड सांगेनाशीच झाली. जुनी ताई, जुना श्वास, पडल्यावर धावणं, सगळं तिनं आपल्याकडेच चालू ठेवलं. आता गोष्ट जवळजवळ सगळी तिचीच होती. तिला त्याचा अभिमान वाटत नव्हता. भय वाटत होतं. कारण आषाढ जवळ आला होता.

आषाढात होड्या वर ओढल्या. माडाच्या झावळ्यांखाली त्या पालथ्या झोपल्या, जाळी माळ्यावर गेली, आणि सगळे पुरुष घरी बसले. आता बुधवारी तेही ओट्यावर येणार. स्वतःच्या कानांनी ऐकणार. आणि मग? 'केसरनं आपल्याला वर्षभर बनवलं,' एवढंच म्हणून ते सोडतील का? सासऱ्याची मान वाड्यात खाली जाईल. आणि पुन्हा शुक्रवारी तिला कोण बोलू देईल? तिची लाज गेली तर गेली, पण धाकलुबाय जाईल. सासू एकदा तापानं गेली होती. आता ती दुसऱ्यांदा जाणार, आणि ह्या वेळी केसरच्या हातून.

बुधवारी ओट्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिकू सगळ्यांत पुढं, नवा सदरा घालून. कोणी आपल्या लग्नालाही इतका नटला नसेल. "आज धाकलुबाय सोताच्या कानानं ऐकायची!" सदूनं केसरला खुणेनं पुढं बोलावलं. ती मागच्या खांबाला धरून उभी राहिली.

बिऱ्हाड सुरू झालं. पेटीतली माणसं हसली. ओट्यावरची हसली नाहीत, वाट बघत राहिली. अप्पा पडले, पेटी हसली. तात्यांनी लाडू चोरले, पेटी हसली. "आता येल," भिकू कुजबुजला. ताई म्हणाली, आज सरंगा केलाय. "आता! आता!" भिकूनं हात वर केला.

हाक आली नाही. वाद्य वाजलं आणि कार्यक्रम संपला.

ओट्यावर पावसाच्या पागोळ्यांचा आवाज तेवढा होता. मग भिकू उठून उभा राहिला. त्याचे डोळे चक्क भरले होते.

"काढून टाकली," तो म्हणाला. "हरामखोरांनी आमची धाकलुबाय काढून टाकली!"

एकच गलका झाला. नवा लिहिणारा आलाय ना, त्याचंच काम! कोळीण नको झाली त्यांना! ताई बदलली, धाकलुबाय काढली, उद्या अप्पाला काढतील! केसर खांबाला चिकटून ऐकत होती. तिच्यावर कुणाला संशयही आला नव्हता. ती सुटली होती. पण सुटल्याचं बरं वाटेपर्यंत भिकूचा पुढचा शब्द आला, "पत्र लिवायचं. पत्र आलं का ती लोकं ऐकतात. गुरुजी, उद्या सकाळी तांडेलाच्या पडवीत या. सगल्यांचं अंगठं घेऊ. पयला तांडेलाचा."

दुसऱ्या दिवशी पडवी भरली. गुरुजी पाट मांडून बसले, टाक-दौत समोर. केसर आत, दाराच्या चौकटीला हात लावून उभी. नलू तिच्या मागं.

"लिवा," भिकू म्हणाला. "म्हनावं, धाकलुबाय न्हाय तर तुमचा बुधवार आमाला नको."

"असं लिहीत नाहीत," गुरुजी कळवळून म्हणाले. त्यांनाही सगळं ठाऊक होतं, आणि त्यांची नजर सारखी दाराकडे जात होती. "अरे, पण तिकडून उत्तर आलं, की अशी कुणी बाई आमच्याकडे—"

"नव्हती म्हनतील? वरसभर व्हती! इचारा ह्या वाड्याला! तांडेल, तुमी सांगा, व्हती का न्हवती?"

हरेश्वर तांडेल नेहमीप्रमाणे पाठ करून बसला होता, पडवीच्या कडेला, पावसाकडे तोंड करून. मांडीवर जाळं. आषाढातसुद्धा जाळं. त्यानं सुतळी ओढून गाठ आवळली.

केसरला दिसलं ते सगळं. त्या कागदावर पहिला अंगठा सासऱ्याचा उमटणार, मुंबईतली माणसं तो कागद वाचून हसणार, पन्नासच्या पन्नास, एका दमात. तिनं चौकट सोडली. नलूनं मागून पदर धरला, तो तिनं सोडवला. पडवीत चार पावलं आली, सगळ्या पुरुषांसमोर, आणि पहिल्यांदाच कुणाकडेही पाठ न करता उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "पत्र नको. ती—"

"ती मुंबैत न्हाय," हरेश्वर म्हणाला.

तांडेल बसल्या जागी वळला. सगळ्या वर्षात केसरनं त्याचा चेहरा गोष्टीच्या वेळी कधी बघितला नव्हता. आता तो समोर होता.

"मुंबैत कवाच नव्हती. थंडीत डॉकला गेलो, तुमी बरफ भरत व्हता, मी चायच्या दुकानात बसलो. बुधवार व्हता. रेडिओ चालू व्हता. बिऱ्हाड ऐकलं पयल्यापासून शेवटपत. दारात कोन आयली न्हाय." बाहेर पागोळ्या गळत होत्या, एक, मग एक. "शुक्रवारी हितं बसलो, तर त्याच बिऱ्हाडात ती आयली. अप्पाला म्हनाली, दर्याला इचार. तवा मना कळलं, कोन बोलतंय."

"कोन?" भिकूनं विचारलं. आवाज अगदी लहान मुलासारखा.

"वेनू."

सदूनं मान वर केली. त्यानं बायकोकडे बघितलं आणि मग पुन्हा खाली. गुरुजींनी टाक हळूच दौतीच्या बाजूला ठेवला.

"म्हंजी... फशिवलं आमाला वैनीनं?" भिकूनं एकदा विचारून बघितलं. पण रागवावं की काय करावं हे त्याला कळेना, आणि शेवटी तो नव्या सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसत म्हणाला, "मग काढली न्हाय ना तिला? कोनी काढली न्हाय?"

"न्हाय," हरेश्वर म्हणाला. "घरातच हाय."

इतके दिवस गळ्यात धरून ठेवलेलं वर आलं, आणि केसर पुटपुटली, "मामा, आत्या खिंडीपल्याड हाक मारायच्या ती तुमी ऐकली न्हाय कवा. ती मी सांगितली न्हाय अजून."

"न्हाय ऐकली," तो म्हणाला. "सगला जलम ती डोंगराकडं गेली नि मी पान्याकडं. पाटी घेऊन दारात उभी ऱ्हाते तवा ती कशी दिसते, कशी बोलते, कशी हसवते लोकांना, मना ठावंच नव्हतं. तुझ्या पाठीमागं बसून बघितली मी ती."

मग त्यानं मांडीवरचं जाळं उचललं आणि तिच्यापुढं धरलं, उजेडाकडं. भोकं होती. पण फाटलेली नव्हती ती. कडा सरळ होत्या, गाठी नखानं सोडवल्यासारख्या.

"भिकू म्हनतो माझ्या जाल्यात भोकंच जास्त," तो म्हणाला, आणि एवढ्या माणसांसमोर तांडेलाची नजर खाली गेली. "गुरुवारी समुद्रावरनं येताना मीच उसवायचो, पोरी. शुक्रवारी बसाया काय तरी काम पायजे ना."